दोन रात्री, अकरा गाणी

ब्रिटिश गायक-गीतकार निक ड्रेक याची 'पिंक मून' ही ध्वनिमुद्रिका १९७२ साली बाजारात आली, तेव्हा तिच्याकडे जवळपास कोणाचेही लक्ष गेले नाही. त्यानंतर तीन वर्षांच्या आत तो हे जग सोडून गेला. गिटार आणि आवाज एवढ्याच भांडवलावर उभ्या असलेल्या या तबकडीची आणि तिच्या कर्त्याची ही कहाणी.

ऑक्टोबर १९७१ चे अखेरचे दिवस. लंडनच्या चेल्सी भागात, एकेकाळी दुग्धालय असलेल्या एका इमारतीत 'साउंड टेक्निक्स' नावाचा स्टुडिओ होता. दिवसभर तेथे इतरांच्या ध्वनिमुद्रणाची वर्दळ असे. रात्री अकराच्या सुमारास ती वर्दळ ओसरल्यावर एक उंच, किंचित वाकून चालणारा तरुण गिटार घेऊन आत आला. त्याची वाट पाहत होते फक्त एकजण, ध्वनिमुद्रक जॉन वुड. तरुण फारसे बोलला नाही. मायक्रोफोनसमोर बसून त्याने तारा जुळवल्या आणि तो गाऊ लागला. दुसऱ्या रात्री तो पुन्हा आला. या दोन रात्रींत अकरा रचना ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांची एकूण लांबी जेमतेम २८ मिनिटे. शीर्षकगीतात पियानोची एक छोटीशी ओळ तेवढी नंतर भरण्यात आली. आणखी एखादे वाद्य हवे का, असा प्रश्न निघाला, तेव्हा त्याने स्पष्ट नकार दिला. त्याच्या दृष्टीने काम पूर्ण झाले होते.

हा तरुण म्हणजे निक ड्रेक. त्या वेळी त्याचे वय होते २३ वर्षे. नैराश्याने ग्रासलेल्या, जगाकडे पाठ फिरवलेल्या कलावंताचा अखेरचा हुंदका, अशी 'पिंक मून'ची ओळख पुढे रूढ झाली. त्याच्या आयुष्याचा शेवट पाहता तसे वाटणे स्वाभाविकही आहे. मात्र ही तबकडी कशी घडली याचा तपशील पाहू लागले की त्या ओळखीला तडे जातात. आपल्याला काय हवे आहे हे पुरेपूर ठाऊक असलेल्या एका कारागिराचे चित्र त्यातून पुढे येते.

निकोलस रॉडनी ड्रेक याचा जन्म १९ जून १९४८ रोजी रंगून येथे झाला. त्याचे वडील रॉडनी ड्रेक हे अभियंता होते आणि 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन'मध्ये नोकरीस होते. १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली आणि बर्मातील सागवानाच्या व्यापारावर वाढलेली हीच ती कंपनी. आई मॉली यांचे वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी होते. दुसऱ्या महायुद्धात जपानी फौजा बर्मात शिरल्या, तेव्हा मॉली आणि त्यांची बहीण दिल्लीच्या आश्रयाला आल्या. तेथे या दोघी बहिणी ऑल इंडिया रेडिओवर 'द लॉईड सिस्टर्स' या नावाने गाण्याचा कार्यक्रम सादर करीत. निकची थोरली बहीण गॅब्रिएल हिचा जन्म १९४४ साली लाहोरचा. पुढे ती अभिनेत्री म्हणून ब्रिटनमधील घराघरांत पोहोचली.

१९५० च्या दशकाच्या प्रारंभी ड्रेक कुटुंब मायदेशी परतले आणि वॉरविकशायर परगण्यातील टॅनवर्थ-इन-आर्डेन या लहानशा गावी स्थायिक झाले. 'फार लीज' हे त्यांच्या घराचे नाव. या घरात एक पियानो होता आणि आवाज टिपणारे टेप यंत्रही होते. घरकाम आटोपले की मॉली पियानोवर बसत आणि स्वतः रचलेली गाणी म्हणत. ती गाणी त्यांनी चारचौघांत कधी सादर केली नाहीत. रॉडनी मात्र हौसेने ती टेपवर उतरवून ठेवीत. साध्या शब्दांत बोलता बोलता मनातील खोल विषादाला स्पर्श करणारी ती गाणी लहानगा निक ऐकत वाढला. मुलाची गाणी आणि आईची गाणी आज शेजारी ठेवून ऐकली, की सुरावटींच्या वळणांतले नाते लपत नाही.

निक मार्लबरो कॉलेज या नामांकित निवासी शाळेत शिकला. पुढील काळातील त्याची ख्याती एकलकोंडा म्हणून असली, तरी शाळेतील निक तसा नव्हता. धावण्याच्या शर्यतीत तो शाळेचे प्रतिनिधित्व करी. पियानो, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन ही वाद्ये तो वाजवी आणि मित्रांसोबत त्याने एक वाद्यवृंदही काढला होता. १९६५ साली त्याने १३ पौंडांना पहिली गिटार विकत घेतली आणि बाकीची वाद्ये हळूहळू मागे पडली. केंब्रिज विद्यापीठातील फिट्झविल्यम कॉलेजमध्ये इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी त्याला प्रवेश मिळाला. तत्पूर्वी १९६७ सालातील काही महिने त्याने फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हान्स येथे घालवले. तेथे तो तासन् तास गिटारचा रियाज करी. ऑक्टोबर १९६७ मध्ये केंब्रिजला पोहोचलेला निक अभ्यासापेक्षा गिटारमध्येच अधिक रमलेला होता.

त्याच्या गिटारवादनाचे मर्म तारा लावण्याच्या पद्धतीत होते. गिटारच्या सहा तारा ठरावीक सुरांत लावण्याची प्रथा आहे. निक ती बाजूला ठेवी. प्रत्येक गाण्याच्या प्रकृतीनुसार तो काही तारा खाली उतरवी, काही चढवी. त्यामुळे मोकळ्या सोडलेल्या तारा गाण्याच्या पार्श्वभूमीवर सतत गुंजत राहत. तंबोऱ्याच्या सवयीने घडलेल्या आपल्या कानांना हा परिणाम परका वाटणार नाही. एकीकडे अंगठा खर्जाची लय सांभाळी आणि दुसरीकडे बोटे वरच्या तारांवर स्वतंत्र सुरावट विणीत. ऐकणाऱ्याला दोन वादक वाजवीत असल्याचा भास होई. या सगळ्यावर त्याचा कुजबुजल्यासारखा मृदू आवाज तालाच्या किंचित मागे रेंगाळत जाई. वरवर सोपे वाटणारे हे वादन हुबेहूब वाजवू पाहणाऱ्या गिटारवादकांची आजही दमछाक होते.

लंडनमधील राउंडहाउस येथील एका कार्यक्रमात 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या लोकप्रिय वाद्यवृंदातील ॲश्ली हचिंग्ज यांनी त्याला ऐकले. त्यांनी त्याचे नाव जो बॉइड या तरुण अमेरिकन निर्मात्याला कळवले. बॉइड यांनी तत्काळ त्याच्याशी करार केला. १९६९ साली 'फाइव्ह लीव्हज लेफ्ट' ही त्याची पहिली ध्वनिमुद्रिका 'आयलंड रेकॉर्ड्स'तर्फे प्रसिद्ध झाली. सिगारेट वळण्याच्या कागदांच्या पाकिटात, पाचच कागद शिल्लक राहिल्याची जी सूचना असे, तिच्यावरून हे नाव घेतले होते.

या तबकडीच्या वेळी घडलेली एक गोष्ट निकच्या स्वभावावर प्रकाश टाकते. तंतुवाद्यांच्या संयोजनासाठी बॉइड यांनी एका नावाजलेल्या संयोजकाला पाचारण केले होते. त्याचे काम निकला रुचले नाही. विशीतला हा लाजाळू मुलगा आपल्या निर्मात्याला ठामपणे सांगता झाला की, हे काम केंब्रिजमधील माझा मित्र रॉबर्ट कर्बी करील. कर्बी हा संगीताचा विद्यार्थी. व्यावसायिक ध्वनिमुद्रणाचा त्याला कोणताच अनुभव नव्हता. तरीही निकचा शब्द खरा ठरला. कर्बीच्या संयोजनामुळेच त्या तबकडीला तिचे वेगळेपण लाभले. मितभाषी असणे आणि दुबळे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे येथे लक्षात येते.

पहिल्या तबकडीला समीक्षकांचा संमिश्र प्रतिसाद मिळाला आणि विक्री यथातथाच झाली. निक मात्र पदवीची पर्वा न करता केंब्रिज सोडून लंडनला आला. सप्टेंबर १९६९ मध्ये रॉयल फेस्टिव्हल हॉलसारख्या प्रतिष्ठेच्या सभागृहात त्याने गायन केले आणि श्रोत्यांनी ते शांतपणे ऐकूनही घेतले. खरी परीक्षा पुढे होती. नवोदित गायकाला गावोगावच्या क्लबांत, महाविद्यालयांत आणि मद्यगृहांत गाऊनच नाव कमवावे लागे. प्रत्येक गाण्यानंतर निकला गिटारच्या तारा नव्याने लावाव्या लागत. आपल्याकडच्या मैफलीत कलावंत तंबोरे जुळवून घेत असताना श्रोते धीराने वाट पाहतात. पेले किणकिणणाऱ्या त्या दालनांत अशी सवय कोणालाच नव्हती. दोन गाण्यांमधली पोकळी हलक्याफुलक्या गप्पांनी भरण्याची हातोटी निककडे नव्हती. श्रोते आपापसात बोलू लागत आणि त्याचा आवाज त्या गलक्यात बुडून जाई. जून १९७० मध्ये एका महाविद्यालयातील कार्यक्रमात तो गाणे अर्धवट टाकून मंचावरून निघून गेला. त्यानंतर जाहीर कार्यक्रमांना त्याने जवळजवळ रामराम ठोकला.

मार्च १९७१ मध्ये 'ब्रायटर लेटर' ही दुसरी ध्वनिमुद्रिका आली. ती यशस्वी व्हावी म्हणून बॉइड यांनी कोणतीच कसर ठेवली नव्हती. ड्रम, बास, सॅक्सोफोन, तंतुवाद्ये अशी भरगच्च साथ होती आणि 'वेल्व्हेट अंडरग्राउंड' गाजवलेल्या जॉन केल यांनी दोन गाण्यांत वादन केले होते. तरीही तबकडी चालली नाही. तिच्या काही हजार प्रतीही खपल्या नाहीत. कलावंताने कार्यक्रम करायचे नाहीत, मुलाखती द्यायच्या नाहीत, आणि तबकडी मात्र खपावी, हे त्या व्यवसायाच्या गणितात बसणारे नव्हते. निकची एकच मुलाखत छापून आल्याची नोंद आहे आणि तीतही त्याची उत्तरे मोजकीच होती. याच सुमारास बॉइड यांनी आपली कंपनी 'आयलंड'ला विकली आणि ते नोकरीनिमित्त लॉस एंजेलिसला निघून गेले. जाताना त्यांनी एक अट मात्र घातली, निक ड्रेकच्या तबकड्या कंपनीने आपल्या यादीतून कधीही काढून टाकू नयेत. त्या वेळी ही अट भाबडी वाटली असेल. पुढच्या पिढ्यांपर्यंत निकची गाणी पोहोचण्यात तिचा वाटा मोठा आहे.

बॉइड गेल्यामुळे निकचा आधार तुटला. तो कोणाशी बोलेनासा झाला. कुटुंबीयांच्या आग्रहावरून तो लंडनमधील एका मानसोपचारतज्ज्ञाकडे गेला. त्याला नैराश्यावरील औषधे सुरू झाली. ती घेण्याबद्दल त्याच्या मनात अढी होती. 'आयलंड'चे प्रमुख ख्रिस ब्लॅकवेल यांनी त्याला विश्रांतीसाठी स्पेनमधील आपले घर देऊ केले. तेथून परतल्यावर निकने जॉन वुड यांच्याशी संपर्क साधला आणि त्या दोन रात्री ठरल्या.

'पिंक मून'ला नुसते आजाराचे अपत्य मानणे का चुकीचे आहे, ते येथे पाहिले पाहिजे. एक तर, तीतील सगळीच गाणी त्या काळोख्या दिवसांत सुचलेली नाहीत. 'थिंग्ज बिहाइंड द सन' हे गाणे त्याच्याजवळ आधीपासून होते. 'ब्रायटर लेटर'मध्ये ते घ्यावे असा बॉइड यांचा आग्रह होता आणि निकने तो मानला नव्हता. दुसरे म्हणजे, मागील दोन तबकड्यांतील साजशृंगार त्याने समजून-उमजून उतरवला होता. पहिल्या तबकडीच्या वेळी त्याने मनाजोगता संयोजक निवडला आणि या वेळी संयोजकच नाकारला. निर्णयामागची वृत्ती तीच होती. तिसरे असे की, या वादनात कोठेही ढिलाई नाही. जो माणूस चारचौघांत एक वाक्य पूर्ण करू शकत नव्हता, त्याच्या बोटांतून एकेक स्वर जागच्या जागी पडत होता.

गाण्यांचा क्रमही विचारपूर्वक लावलेला दिसतो. शीर्षकगीतात एका अपरिहार्य संकटाची चाहूल आहे. मात्र ती इतक्या शांत सुरात येते की, प्रथम ऐकताना ते अंगाईगीतच वाटावे. 'प्लेस टू बी'मध्ये निरागसपण मागे पडल्याची जाणीव आहे. मध्यावर 'हॉर्न' ही दीड मिनिटाहूनही छोटी, शब्दांवाचूनची रचना येते. एकेका स्वरामागील शांतता तीत स्वराइतकीच ऐकू येते. 'पॅरासाइट'मध्ये शहराच्या गर्दीत स्वतःला उपरा समजणारा माणूस भेटतो. अखेरीस येते 'फ्रॉम द मॉर्निंग'. हे गाणे उजाडण्याचे आहे. गिटार पळत्या झऱ्यासारखी खळाळते आणि काळोखातून निघालेला श्रोता प्रकाशात येऊन थांबतो. केवळ हताश झालेला माणूस आपल्या तबकडीचा समारोप अशा गाण्याने करील, असे मानणे कठीण आहे.

२५ फेब्रुवारी १९७२ रोजी 'पिंक मून' प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर मायकल ट्रेव्हिथिक या चित्रकाराचे स्वप्नवत चित्र होते. तबकडी तयार झाल्यावरच आपल्याला तिचा पत्ता लागला, अशी कबुली खुद्द कंपनीने जाहिरातीत दिली. खप आधीच्या दोन्ही तबकड्यांहून कमी झाला. लांबलचक गिटारवादन आणि अवजड वाद्यमेळ यांचा तो जमाना होता. २८ मिनिटांची ही कुजबुज त्या कोलाहलात विरून गेली.

निक 'फार लीज'मध्ये आईवडिलांकडे परतला. 'आयलंड'कडून त्याला आठवड्याला २० पौंड मानधन मिळे. १९७२ साली काही आठवडे त्याला रुग्णालयात ठेवावे लागले. कधी तो न सांगता मोटार घेऊन निघे. इंधन संपले की घरी दूरध्वनी करी आणि रॉडनी त्याला आणायला जात. याच काळात रॉडनी यांनी एक रोजनिशी ठेवली. आज निक किती बोलला, किती जेवला, औषध घेतले की नाही, याच्या त्यात नोंदी आहेत. मुलगा आपल्यापासून दूर जात असल्याचे पाहणाऱ्या, मात्र त्याला धरून कसे ठेवावे हे न कळणाऱ्या बापाची ती रोजनिशी आहे. मनाच्या आजाराविषयी बोलण्याची भाषाच समाजाजवळ नव्हती, असा तो काळ होता. २०१४ साली गॅब्रिएल यांनी सिद्ध केलेल्या 'रिमेंबर्ड फॉर अ व्हाइल' या ग्रंथात तिच्यातील नोंदी प्रसिद्ध झाल्या.

१९७४ च्या मध्यास निक पुन्हा एकदा स्टुडिओत आला. सोबत वुड होते आणि लंडनला आलेले बॉइडही होते. गाणे आणि गिटार एकाच वेळी करणे आता त्याला झेपत नव्हते. आधी गिटार आणि नंतर आवाज असे तुकड्यांत ध्वनिमुद्रण करावे लागले. चौथ्या तबकडीची ती सुरुवात होती. ती पूर्ण होणे नशिबी नव्हते. २५ नोव्हेंबर १९७४ रोजी दुपारी बाराच्या सुमारास मॉली यांना तो आपल्या खोलीत मृतावस्थेत आढळला. नैराश्यावरील औषधाची मात्रा अधिक झाल्याने त्याचा मृत्यू ओढवला होता. सरकारी चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. त्याला जवळून ओळखणाऱ्या काहींना तो पटला नाही. निक अवघ्या २६ वर्षांचा होता.

त्यानंतर जे घडले, ते अत्यंत संथ गतीने घडले. १९७९ साली 'फ्रूट ट्री' या नावाने त्याच्या तबकड्यांचा संच निघाला. तोही फारसा खपला नाही, मात्र ज्यांच्या हाती पडला त्यांनी तो इतरांना ऐकवला. हळूहळू तरुण मुले-मुली टॅनवर्थला येऊन 'फार लीज'चे दार ठोठावू लागली. रॉडनी आणि मॉली त्यांना आत बोलावीत, चहा देत, निकची खोली दाखवीत. मुलाच्या हयातीत न आलेले श्रोते आता त्याच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात येऊन बसत होते.

१९९९ च्या अखेरीस अमेरिकेत फोक्सवॅगनच्या एका उघड्या मोटारीची जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली. चांदण्या रात्री चार तरुण मोटारीतून जात आहेत आणि पार्श्वभूमीला 'पिंक मून'चे शीर्षकगीत वाजते आहे, एवढीच तिची कथा. हे कोण गाते आहे, याचा शोध लोक घेऊ लागले. इंटरनेटमुळे उत्तर चटकन मिळत होते. तबकडीचा खप पाहता पाहता अनेक पटींनी वाढला. २००३ साली 'रोलिंग स्टोन' या अमेरिकी नियतकालिकाने निवडलेल्या ५०० सर्वश्रेष्ठ अल्बममध्ये निकच्या तिन्ही ध्वनिमुद्रिकांना स्थान मिळाले. जाहीर कार्यक्रमांना कंटाळलेल्या, बाजाराशी कधीच न जमलेल्या या कलावंताला जगापुढे आणण्याचे काम अखेर एका जाहिरातीने केले.

हे पाहायला रॉडनी आणि मॉली नव्हते. रॉडनी १९८८ साली निवर्तले आणि मॉली १९९३ साली. मात्र रॉडनी यांनी टेपवर उतरवून ठेवलेली मॉली यांची गाणीही कालांतराने प्रसिद्ध झाली. २०१३ साली ती सर्वदूर पोहोचली आणि रसिकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. आई आणि मुलगा या दोघांनाही श्रोते मिळाले ते मृत्यूनंतरच.

प्रौढ वयातील निक ड्रेक गाताना दिसतो अशी एकही चित्रफीत अस्तित्वात नाही. काही छायाचित्रे आणि ध्वनिमुद्रित गाणी एवढाच त्याचा ठेवा. टॅनवर्थच्या सेंट मेरी मॅग्डलिन चर्चच्या आवारात एका ओक वृक्षाखाली त्याच्या अस्थी विसावल्या आहेत. तेथील शिळेच्या मागील बाजूस 'फ्रॉम द मॉर्निंग' या त्याच्या गाण्यातील एक ओळ कोरलेली आहे. आयुष्याचा शेवट अंधारात झालेल्या या मुलासाठी त्याच्या माणसांनी उजाडण्याचे गाणे निवडले.

'पिंक मून' ऐकण्यासाठी आज कोणत्याही दुकानाचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. रात्री घरातील निजानीज झाल्यावर, रस्त्यावरचा आवाज थोडा उतरल्यावर ती लावावी आणि मध्ये न थांबवता ऐकावी. ती त्याच वेळी ध्वनिमुद्रित झाली होती.